अफझलगंजचा प्रश्न आणि चुन्याचा कण

हैदराबादेत चारमिनारकडून निघून नयापूल ओलांडला आणि मुसा नदीच्या उत्तर तीरावर आले, म्हणजे अफझलगंज लागते. पाचवे निजाम अफझल-उद्-दौला ह्यांच्या नावाचा हा धान्याचा बाजार. 'गंज' ह्या शब्दातच बाजार आला. मराठवाडा जोवर हैदराबाद संस्थानात होता तोवर नांदेड, परभणी, बीडकडील मंडळी कामाकाजासाठी राजधानीस जात, आणि त्यांच्या बोलण्यात हे नाव दोन निमित्तांनी येई. एक बाजार, दुसरे दवाखाना. बाजाराविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज लिहावयास बसलो आहोत ते दवाखान्याविषयी. त्यातही १८८८ व १८८९ ह्या दोन वर्षांत तेथे विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाविषयी.

प्रश्न दिसावयास साधा होता. भूल दिलेला मनुष्य शस्त्रक्रियेच्या टेबलावर मरतो, तेव्हा आधी काय थांबते: श्वास की हृदय?

ह्या प्रश्नाचे उत्तर सापडले, असे हैदराबादेहून साऱ्या जगास मोठ्या आत्मविश्वासाने कळविण्यात आले होते. ते उत्तर अपुरे निघाले. त्याची उणीव भरून निघण्यास सत्तरांहून अधिक वर्षे लागली; आणि ज्या वस्तूपाशी ती भरून निघाली ती वस्तू आपल्या पानाच्या डब्यात आहे, देवळाच्या पांढऱ्या भिंतीवर आहे, गोव्याच्या खाड्यांतील शिंपल्यांत आहे. चुना ज्या मूलद्रव्यापासून होतो ते कॅल्शियम हीच ती वस्तू. मेंदूतील एक पेशी दुसऱ्या पेशीस निरोप देते तो ह्या कॅल्शियमच्या परवानगीवाचून देऊ शकत नाही, हे ज्ञान आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी मिळते. अफझलगंजात प्रयोग करणाऱ्यांस ते नव्हते, आणि त्या न्यूनतेची किंमत माणसांनी मोजली.

आता मूळ कथेकडे वळू. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्पसन ह्यांनी क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आणली. रुमालावर थोडे थेंब टाकून नाकाशी धरावेत आणि रोग्यास वेदनेतून सोडवावे, इतके सोपे ते काम होते. पण तीन महिनेही लोटले नाहीत तोच, १८४८ च्या जानेवारीत, इंग्लंडच्या उत्तरेस न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी भूल दिली असता काही मिनिटांत गतप्राण झाली. नखासाठी प्राण गेला! तेव्हापासून क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंची यादी वाढत गेली, आणि तिच्याबरोबर वैद्यांतील भांडणही. लंडनचे जॉन स्नो ह्यांचे म्हणणे, हे मृत्यू हृदय एकाएकी बंद पडून होतात. एडिंबरोचे थोर शल्यवैद्य जेम्स साइम ह्यांची शिकवण अशी की, भूल देणाऱ्याने नाडी चाचपत बसू नये, श्वासाकडे डोळे लावावेत; श्वास नीट चालला आहे तोवर भय नाही. एक पक्ष मनगटावर बोट ठेवणारा, दुसरा छातीचे खालीवर होणे पाहणारा.

साइमच्या ह्या पाठशाळेत तयार झालेले एडवर्ड लॉरी हे १८८५ साली हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन म्हणून आले आणि अफझलगंज रुग्णालय व त्यास जोडलेली वैद्यकशाळा त्यांच्या हाती आली. मनुष्य कर्तबगार, कष्टाळू आणि स्वतःच्या मताविषयी तिळमात्र शंका नसलेला. गुरूचा सिद्धांत शिष्याने वेदवाक्याप्रमाणे मानला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. प्रयोगाने तो सिद्ध करून दाखवावा असे त्याने मनात आणले. हा गुण आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. मताचा हट्ट धरणारे पुष्कळ असतात, त्यासाठी प्रयोगशाळेत उतरणारे थोडे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या सरकारच्या आश्रयाने १८८८ साली पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन बसले. सुमारे एकशेचाळीस कुत्र्यांस क्लोरोफॉर्म देऊन मरेपर्यंत पाहण्यात आले आणि निष्कर्ष निघाला की, दर वेळी श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून. लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय साप्ताहिकाने शंका घेतली. तेव्हा निजाम सरकारने उत्तर दिले ते खास दरबारी थाटाचे: एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचा विश्वासू पंडित पाठवा, त्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग होऊ द्या. 'लॅन्सेट'ने लॉडर ब्रंटन ह्यांस पाठविले. औषधांच्या शरीरावरील क्रियेचे ते त्या काळचे अधिकारी अभ्यासक. १८८९ च्या ऑक्टोबरात ते हैदराबादेस आले. त्यांच्यासह लॉरी, जेरल्ड बॉमफर्ड आणि रुस्तमजी हकीम असे दुसरे कमिशन झाले. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे, ससे अशा शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. रक्ताच्या दाबाची रेघ फिरत्या नळकांड्यावर उमटवून घेण्यात आली. ब्रंटन येताना हृदयपक्षाकडे झुकलेले होते. डिसेंबरात त्यांनी लंडनला तार केली ती लॉरी ह्यांच्या बाजूची.

ह्या मुक्या जिवांची ती संख्या वाचताना मनास यातना होतात, हे लपविण्यात अर्थ नाही. त्यांच्या मरणातून जे कळले ते तरी पुरते कळले असते, तर गोष्ट वेगळी. परंतु प्रयोगाची रीतच अशी होती की, पशूस क्लोरोफॉर्म हुंगवावयाचा तो सलग, चढत्या मात्रेने, अखेरपर्यंत. अशा रीतीने दिलेला क्लोरोफॉर्म प्रथम श्वासाचे केंद्र निजवितो हे खरेच आहे. रेघांनी खोटे सांगितले नाही. त्यांना जे विचारले गेले तेवढेच त्यांनी सांगितले. पण खऱ्या शस्त्रक्रियागृहात भीतीने कापणारा मनुष्य येतो, अर्धवट गुंगीत हातपाय झाडतो, भूल देणारा घाबरून रुमाल काढतो व पुन्हा लावतो. हॅना ग्रीनर मेली ती अशा अवस्थेत, भूल गाढ होण्यापूर्वीच. हैदराबादच्या अहवालाने मात्र जगभरच्या भूल देणाऱ्यांस बजावले की नाडीकडे लक्ष देण्याचे कारण नाही. ह्या निष्कर्षास लगोलग विरोध झाला. केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर ह्यांनी १८९३ साली दाखविले की, क्लोरोफॉर्म हृदयासही थेट दुबळे करतो. लॉरी बधले नाहीत. १९०१ पर्यंत ते हैदराबादेस होते आणि शेवटपर्यंत त्याच मताचे होते.

येथे एका स्त्रीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाववत नाही. रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी १८८५ साली ह्याच वैद्यकशाळेत दाखल झाली आणि १८८९ साली, म्हणजे ब्रंटन आले त्याच वर्षी, शिकून बाहेर पडली. भूल देणे हेच तिने आपले कार्यक्षेत्र केले. जगातील अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. ज्या काळी आपल्या घरांतून मुलींस अक्षरओळख करून देण्यावर वाद चालत, त्या काळी अफझलगंजात एक भारतीय स्त्री क्लोरोफॉर्मची बाटली हाती घेऊन रोग्याच्या उशाशी उभी होती. पुढे १९०९ साली ती एडिंबरोस गेली ती पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकण्यासाठी. भूल ही केवळ हातचलाखी नव्हे, तिच्या बुडाशी रसायन आहे, हे तिने ओळखले होते असे आम्ही समजतो.

मुसेने मध्यंतरी आपला हिशेब केला. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय वाहून गेले. त्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. ते झाड आजही लोक दाखवितात. त्या जागी सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकीर्दीत व्हिन्सेंट एश ह्यांच्या आराखड्याप्रमाणे उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उठली. जुन्या वास्तूबरोबर तो जुना वादही बुडाला असता, पण १९११ साली लंडनच्या ए. जी. लेव्ही ह्यांनी तो निकालात काढला. मांजरास हलकी, अर्धवट क्लोरोफॉर्मची भूल द्यावी आणि त्याच वेळी रक्तात ॲड्रेनॅलिन सोडावे. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या भिंती एकजुटीने आकुंचन पावावयाच्या सोडून नुसत्या थरथरू लागतात, रक्त पुढे जात नाही, आणि प्राणी तत्काळ मरतो. श्वास अजून चालू असतो! गाढ भुलेत असे होत नाही. म्हणजे स्नो ह्यांचे म्हणणे खरे होते, आणि साइम ह्यांचेही खोटे नव्हते. मरणाच्या दोन वाटा होत्या आणि अफझलगंजच्या प्रयोगांनी त्यांपैकी एकीवरच दिवा लावला होता.

ॲड्रेनॅलिन हा मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीचा स्राव. भीती वाटली की तो रक्तात उतरतो. छातीत धडधड होते, ओठ सुकतात, ती ह्याची करणी. त्याचा प्रभाव १८९४ च्या सुमारास प्रथम उमगला. ब्रंटन हैदराबादेत होते तेव्हा त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो: मेंदूत उपजलेली भीती मूत्रपिंडावरच्या ग्रंथीस कळते कशी? मज्जातंतू तेथवर जातात हे खरे. पण तंतूचे टोक आणि त्यापुढील पेशी एकमेकींस जोडलेल्या नाहीत. मध्ये अति सूक्ष्म फट आहे. ह्या भेटीच्या जागेस शेरिंग्टन ह्यांनी १८९७ साली सिनॅप्स हे नाव दिले. आपण त्यास संधी म्हणू. मेंदूत अशा संधी इतक्या आहेत की मोजणे दूरच, कल्पनाही थकते. तंतूतून धावत आलेली विजेची लाट ह्या फटीपाशी येऊन थांबते. पलीकडे निरोप जातो तो कसा?

ह्याचा पहिला धागा ब्रंटन ह्यांच्याच शहरात, ते हैदराबादेस निघण्यापूर्वी सहा वर्षे, एका दुसऱ्या वैद्याच्या हाती आला होता. सिडनी रिंगर हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवीत. एकदा त्यांच्या ध्यानात आले की, हे मिठाचे पाणी नोकराने उर्ध्वपातित पाण्यात न करता नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाणी घेऊन पाहिले तर हृदय थोड्याच वेळात बंद! नळाच्या पाण्यात असे काय होते? चुन्याचा अंश. तेवढा कॅल्शियमचा क्षार मिसळताच हृदय पुन्हा चालू लागले. १८८३ सालची ही गोष्ट. रिंगर ह्यांच्या नावाचा द्राव आजही रुग्णालयांत शिरेतून देतात. पुष्कळ वाचकांनी त्याची बाटली आप्तेष्टांच्या खाटेशेजारी टांगलेली पाहिली असेल. पुढे १८९४ साली लॉक ह्यांनी दाखविले की, कॅल्शियम काढून घेतले तर बेडकाच्या मज्जातंतूची आज्ञा स्नायूस पोचत नाही, जरी स्नायूस स्वतंत्रपणे आकुंचन पावण्याचे बळ असते. अडथळा तंतूत नव्हता, स्नायूतही नव्हता. तो दोहोंच्या मधल्या जागी होता.

१९२१ साली ग्राझ येथे ऑटो लोवी ह्यांनी सिद्ध केले की फटीपलीकडे वीज उडी मारीत नाही. तंतूच्या टोकातून एक रासायनिक द्रव्य स्रवते आणि ते पलीकडे निरोप पोचविते. आता रासायनिक द्रव्य आणि कॅल्शियम ह्यांचा संबंध जोडावयाचा राहिला. ते काम बर्नार्ड कॅट्झ ह्यांचे. जन्म लाइपझिगचा, ज्यू कुळातला. हिटलरचे राज्य आल्यावर १९३५ साली त्यांनी जर्मनी सोडली आणि रिंगर ज्या कॉलेजात काम करीत त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात ते लंडनला आले. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी पॉल फॅट ह्यांच्यासह पाहिले की, तंतू शांत असतानाही स्नायूत अधूनमधून विजेचे अगदी लहान, पण एकाच मापाचे झटके येतात. जणू किराणा दुकानातला माल सुटा न विकता बांधलेल्या पुड्यांतच द्यावा, तसे ते द्रव्य ठराविक मापाच्या पुड्यांनी सुटते. पुढे कळले की ह्या पुड्या म्हणजे टोकात साठविलेल्या सूक्ष्म पिशव्या. एकेकीत त्या द्रव्याचे काही हजार रेणू असतात. डेल कास्तियो व कॅट्झ ह्यांनी १९५४ साली आणखी दाखविले की, कॅल्शियम वाढविले की पुड्यांची संख्या वाढते, मॅग्नेशियम वाढविले की घटते. पुडीचे माप मात्र बदलत नाही. मॅग्नेशियमची ही गोष्ट वाचकांनी स्मरणात ठेवावी. शेवटी तिचे काम पडणार आहे.

कॅट्झ व रिकार्डो मिलेडी ह्यांच्या १९६० नंतरच्या प्रयोगांची योजना इतकी सुरेख आहे की ती वाचून आम्हांस एखाद्या उत्तम बंदिशीचा आनंद झाला. संधीभोवतीचे कॅल्शियम काढून घ्यावयाचे आणि एका अति बारीक काचनळीतून त्याचा क्षणमात्र थेंब नेमका तंतूच्या टोकाशी सोडावयाचा. विजेची लाट येण्याच्या किंचित आधी तो सोडला, तर द्रव्य सुटते. लाट येऊन गेल्यावर, सेकंदाच्या हजाराव्या भागाने का होईना, उशीर झाला, तर काहीच होत नाही. ह्यावरून ठरले की विजेची लाट स्वतः द्रव्य बाहेर ढकलीत नाही. ती टोकाच्या आवरणातील दारे उघडते. त्या दारांतून बाहेरचे कॅल्शियम आत येते. आणि आत आलेले कॅल्शियम पिशव्यांची तोंडे उघडते. माकूल, ज्यास गोव्याच्या बाजारात माणकी म्हणतात, तिच्या शरीरात निसर्गाने एक अवाढव्य संधी ठेवली आहे. तीतही मिलेडी व इतर संशोधकांनी हाच क्रम पाहिला. कॅल्शियम आत शिरण्यापासून द्रव्य सुटेपर्यंत लागणारा वेळ सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाइतका आहे.

हे शक्य होते ते पेशीच्या विलक्षण काटकसरीमुळे. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम बाहेरच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी ठेवलेले असते, आणि ते तसे ठेवण्यासाठी पेशी अहोरात्र शक्ती खर्च करून ते बाहेर उपसत राहते. घर इतके निःशब्द ठेवावयाचे की दारावरची टिचकीही ऐकू यावी, असा हा प्रकार. आणि ह्या टिचकीचा परिणाम साध्या प्रमाणात होत नाही. डॉज व राहामिमॉफ ह्यांनी १९६७ साली बेडकाच्या संधीवर मोजले की कॅल्शियम कमी असता ते दुप्पट केले, तर स्राव जवळजवळ सोळापट होतो. निम्मे केले तर सोळाव्या हिश्श्यावर येतो. थोड्याशा कमी-अधिकाने निरोप मोठा होतो किंवा विझतो, ह्याचे मर्म येथे आहे. मेंदूतही नियम ह्याच जातीचा आहे, हे २००० साली उंदराच्या श्रवणमार्गातील एका मोठ्या संधीवर जर्मनीत झालेल्या प्रयोगांनी पक्के केले. कॅल्शियम ओळखून पिशवीस आवरणाशी मिळविणाऱ्या प्रथिनाचे नाव सिनॅप्टोटॅग्मिन. थॉमस स्युडहॉफ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९४ साली दाखविले की ते प्रथिन नसलेल्या उंदरांत पिशव्या असतात, कॅल्शियमही येते, परंतु तो विजेसारखा तत्पर स्राव होत नाही. १९७० चे नोबेल पारितोषिक कॅट्झ ह्यांस आणि २०१३ चे स्युडहॉफ ह्यांस, दोन्ही वेळी आणखी दोघांसह, मिळाले ते ह्या कामासाठी. धनुर्वाताचे विष ह्याच यंत्रणेची एक दोरी कापते, हेही १९९२ साली कळले. गंजक्या खिळ्याच्या जखमेची भीती आपल्या घरोघरी होती, तिचे कारण मज्जारज्जूतील संधींत इतके खोल दडलेले होते.

आता पुन्हा अफझलगंजच्या टेबलाकडे यावे. १९६१ साली डग्लस व रूबिन ह्यांनी मांजराच्या ग्रंथीवर प्रयोग करून दाखविले की, ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते तेही कॅल्शियम पेशीत शिरल्यावरच. साखळी अशी जुळते: मेंदूत भीतीचा निरोप संधीसंधीतून जातो, दर पायरीस कॅल्शियमच्या हुकुमाने; मज्जातंतूचे टोक ग्रंथीपाशी आपले द्रव्य सोडते, कॅल्शियमच्या हुकुमाने; ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडते, पुन्हा त्याच हुकुमाने; आणि ते ॲड्रेनॅलिन हृदयाच्या स्नायूत शिरणारे कॅल्शियम वाढविते, तेही क्लोरोफॉर्मने आधीच बिथरलेल्या हृदयात. भूल गाढ असली म्हणजे वरच्या पायऱ्यांवरच निरोप मंदावतो. आयसोफ्लुरेन ह्या हुंगण्याच्या भुलेने मेंदूतील पेशींच्या टोकांत शिरणारे कॅल्शियमच घटते, आणि म्हणून पिशव्या कमी फुटतात, असे २०१५ साली प्रत्यक्ष मोजले गेले. भुलेचे इतरही मार्ग आहेत आणि क्लोरोफॉर्मचे सारे रहस्य एवढ्यात संपते असे आम्ही म्हणत नाही. पण अर्धी भूल ही पुऱ्या भुलेहून का घातक, हे कोडे आता कोडे राहिले नाही. लॉरी व ब्रंटन ह्यांनी ज्या जनावरांस गाढ निजविले, त्यांच्या भीतीचा निरोप वाटेतच थांबत होता.

ॲड्रेनॅलिनच्या ह्या वादळाचा परिचय आमच्या कोकणी वाचकांस दुसऱ्या वाटेने आहे. लाल विंचू चावलेला मनुष्य घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, आणि पूर्वी कित्येकदा काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून मरे. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांतील दारे उघडीच ठेवते. कॅल्शियम आत लोटते आणि हृदयास चेतविणारी द्रव्ये लोंढ्याने बाहेर पडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी कोकणातल्या खेड्यापाड्यांत हे रोगी रात्रंदिवस पाहून १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन ह्या गोळीचा उपाय रूढ केला. ती गोळी स्राव थांबवीत नाही, त्याचा शरीरावरील आघात अडविते. परंतु तिने वाचविलेली माणसे आज रायगड-रत्नागिरीत हिंडत आहेत.

क्लोरोफॉर्म आता शस्त्रक्रियागृहांतून गेला. भूल देणारा तज्ज्ञ आज नाडी, श्वास, रक्तदाब, रक्तातील प्राणवायू ही सारी एका पडद्यावर पाहतो, आणि दोन्ही पक्षांचे वंशज सुखाने एकाच खोलीत नांदतात. पण लॉरी ह्यांचा नियम एका ठिकाणी अक्षरशः पाळला जातो. बाळंतपणाच्या सुमारास रक्तदाब चढून स्त्रीस झटके येऊ लागले, तर शिरेतून किंवा स्नायूत मॅग्नेशियम सल्फेट देतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने, जीत भारतातील स्त्रियाही होत्या, ह्या झटक्यांवर ते इतर औषधांहून सरस असल्याचे ठरविले. मात्र मात्रा जास्त झाली तर तेच मॅग्नेशियम मज्जातंतूंच्या टोकांशी कॅल्शियमची वाट अडविते, १९५४ च्या बेडकांत अडविली होती तशीच. प्रथम गुडघ्याचा झटका नाहीसा होतो, मग श्वास मंदावतो व थांबतो, हृदय त्यानंतर. म्हणून प्रसूतिगृहातील परिचारिका ठराविक वेळाने गुडघ्यावर हलकेच ठोकून पाहते, घड्याळ लावून श्वास मोजते, आणि तिच्या शेजारच्या ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेटची दहा टक्क्यांची कुपी भरून तयार असते.